एकोणीस नंबरला दार बंद

आमच्या शहरातल्या निम्म्या घरांतलं इंटरनेट माझ्या बोटांच्या तालावर नाचतं! हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. म्हणजे, सुरुवात मीच केली होती, पण इतक्या वेळा म्हटलंय की आता लोकही म्हणत असतील असा माझा अंदाज आहे.

आमची इंटरनेट कंपनी छोटी. एक मालक, एक तक्रारी ऐकणाऱ्या बाई, तारा ओढणारी काही मंडळी आणि एक मी. तारा ओढणारे दिवसभर खांबांवर लटकलेले असतात, त्यामुळे ऑफिसात आम्ही तिघंच. तक्रारी ऐकणाऱ्या बाईंना सगळे तक्रारताई म्हणतात. स्वभाव गोड, आवाज गोड, आणि ‘लवकरच होईल हं’ हे वाक्य त्या इतकं गोड म्हणतात की समोरच्याला आपलं काम झालंच असं वाटून तो फोन ठेवतो. मालकांना इंटरनेटमधलं फारसं कळत नाही, पण एक पडदा कळतो. त्या पडद्यावर एक हिरवी रेघ वरखाली होत असते, ती कंपनीवरचा भार दाखवते. रेघ वर गेली की मालकांचं ब्लडप्रेशर वर. आणि मी? मी राउटर सांभाळतो. ते काळं कपाटाएवढं धूड आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं इंटरनेट आत घेतं आणि घरोघरी पाठवतं.

तर झालं असं, की माझी बायको शाळेत शिक्षिका. एका मोठ्या शिक्षणसंस्थेने आमच्या शहरात नवी शाळा काढली आणि तिथे मुख्याध्यापिकेची जागा निघाली. बायकोने अर्ज केला. कित्येक वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली राबली होती, त्यामुळे ही जागा म्हणजे तिच्यासाठी काय होतं हे मला पुरतं ठाऊक होतं. रात्री झोपेतसुद्धा ती ‘शांतता राखा’ म्हणायची. संस्थेची निवड समिती दूरच्या शहरात, म्हणून मुलाखत व्हिडिओ कॉलवर ठरली. आदल्या दिवशी चाचणी झाली. समोरच्या बाई ‘नमस्कार’ म्हणाल्या. त्यातला ‘नम’ आधी आला आणि ‘स्कार’ येईपर्यंत आमचा चहा थंड झाला!

सासूबाई मुलीला धीर द्यायला मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“जावईबापू, हे इंटरनेट तुमच्याच कंपनीचं ना?”

“हो आई.”

“तरी असं?”

त्या ‘तरी’ने माझं काळीज आरपार चिरलं! मी छाती फुगवून म्हणालो, “आई, उद्या बघाच तुम्ही. समितीवाल्यांच्या चष्म्यावरची धूळसुद्धा मोजता येईल!”

बायको घाईघाईने म्हणाली, “अहो, नको. चाललंय ते बरं आहे. तुम्ही उद्या कशालाही हात लावू नका.”

बायकोचा सल्ला ऐकायचाच असतो. ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी रोगाचं मूळ शोधलं. आता हे जरा समजून घ्या, म्हणजे पुढे माझी कीव करायला सोपं जाईल. इंटरनेटवरच्या प्रत्येक मोठ्या कंपनीला एक नंबर असतो. आम्ही दोन बड्या कंपन्यांकडून इंटरनेट घेतो, म्हणजे आमच्या वाड्याला... चुकलो, आमच्या राउटरला दोन दारं. त्या दारांतून सतत निरोप येत असतात: ‘अमक्या शहरात जायचंय? माझ्याकडून या!’ आणि असा प्रत्येक निरोप गळ्यात नंबरांची माळ घालून येतो. वाटेत कोणाकोणाच्या हद्दीतून जावं लागेल, त्या सगळ्यांचे नंबर त्या माळेत ओवलेले. माळ बघायची आणि वाट ठरवायची, हे राउटरचं काम.

समितीच्या शहराकडे जाणारी आमची वाट एका भलत्याच आळशी कंपनीच्या हद्दीतून जात होती. तिचा खरा नंबर सांगत नाही, उगीच भांडण नको. समजा, एकोणीस. या एकोणीस नंबरकडे गेलेलं काहीही माहेरी गेलेल्या बाईसारखं निवांत परत यायचं. आणि मजा म्हणजे आमच्या दुसऱ्या दारातून त्याच शहराला जाणारी चांगली वाट होती, तिच्या माळेत एकोणीस नव्हताच!

उपाय सोपा. राउटरला हुकूम द्यायचा: ज्याच्या माळेत एकोणीस आहे, त्याला आत घेऊ नकोस. बस! एक ओळ! मी मनातल्या मनात सासूबाईंचा ‘तरी’ परत करत ती ओळ टाइप केली, दोन्ही दारांना लावली आणि मुलाखत अकराला असल्यामुळे त्याच्या चांगला आधी, ऐटीत एंटर दाबलं.

मग तपासणी! मी काही नवखा नाही. लगेच आमच्या कंपनीची वेबसाइट उघडून बघितली. पापणी लवायच्या आत उघडली! ती वेबसाइट आमच्याच ऑफिसात, माझ्या पाठीमागच्या कपाटात ठेवलेली आहे, ही बारीकशी गोष्ट त्या आनंदात लक्षात आली नाही.

तेवढ्यात मालक आपल्या केबिनमधून धावत आले. चेहऱ्यावर असा आनंद, जणू लग्नाला उभे राहिलेत.

“अरे, काय केलंस काय तू?”

“का हो, काय झालं?”

“ती हिरवी रेघ बघ! जमिनीला टेकली! कंपनीवर भारच नाही! इतकी हलकी रेघ मी जन्मात पाहिली नव्हती!”

“थोडी सफाई केली,” मी विनयाने म्हणालो.

“शाब्बास!” मालकांनी पाठीवर अशी थाप मारली की घशातला चहा नाकात आला.

तिकडून तक्रारताई म्हणाल्या, “खरंच हो इंजिनियर, मघापासून एकही फोन नाही! एरवी या वेळेला माझा कान भाजून निघतो. काय जादू केलीत?” आणि त्यांनी ठेवणीतलं विणकाम बाहेर काढलं.

भार नाही, तक्रार नाही! मी खुर्चीत मागे रेलून बसलो. सुख म्हणतात ते हेच असणार, असं वाटलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. बायको.

“अहो, सगळे गेले!”

“कोण गेले? कुठे गेले?”

“समिती! ते लोक लवकर आले, म्हणून मुलाखत आधीच सुरू झाली. छान चाललं होतं हो! एक गृहस्थ तावातावाने काहीतरी बोलायला लागले, आणि बोट वर करून तसेच थांबले! पुतळ्यासारखे! मग पडदा काळा!”

“काळजी करू नकोस,” मी म्हणालो. आवाजात अनुभवी डॉक्टरचा धीर होता. “इकडे सगळं झकास आहे. तुझ्या डब्यात काहीतरी अडकलंय.”

डबा म्हणजे घरातला छोटा राउटर. आमच्याकडे कुणीही काहीही तक्रार केली, तरी दोष डब्याचाच असतो. ती कंपनीची परंपरा आहे.

“डबा बंद करून चालू कर.”

“केला. दोनदा.”

“तिसऱ्यांदा कर. डब्याचं माणसासारखं असतं, पहिल्या हाकेला उठत नाही.”

“केला. काही नाही. अहो, लवकर सांगा ना! मोबाइलवर नेट फक्त गच्चीवर येतं आणि गच्चीला कुलूप आहे, किल्लीवाले काका बाहेर गेलेत. समितीचा फोन नंबरही नाही माझ्याकडे!”

“नाही कसा? मेलमध्ये असेल.”

“मेल उघडायला इंटरनेट लागतं!”

हा मुद्दा बिनतोड होता. मी विषय बदलला. “वायर काढ, टोकाला फुंकर मार, परत लाव.”

फुंकरीचा आवाज आला. पाठोपाठ सासूबाईंचा आवाज आला, “तू थांब, तुझ्यात जीव नाही. मी मारते.” मग अशी फुंकर आली की माझ्या कानाचा पडदा हलला.

“नाही चालत,” बायको म्हणाली. तिचा आवाज आता रडकुंडीला आला होता. पण तेवढ्याने तोंड गप्प बसलं, तर तो इंजिनियर कसला!

“डबा उंचावर ठेव. कपाटावर. उंचावरून लहरी नीट पसरतात.”

“कपाटावर? आत्ता?”

“आत्ता! वेळ घालवू नकोस!”

यानंतर जे झालं ते मी फक्त ऐकलं. स्टूल ओढल्याचा आवाज. “आई, धर हं.” “धरलंय, चढ तू.” “जरा डावीकडे.” “अगं, वायर आखूड आहे, ओढू नको, ओढू नको, ओढ...” आणि मग एक छोटासा, गोड, गोलसर आवाज.

डुबुक!

“काय झालं?” मी ओरडलो.

 मग बायको अगदी शांतपणे म्हणाली, “डबा बादलीत पडला.”

“बादलीत पाणी होतं?”

“फरशी पुसायची बादली आहे. त्यात काय अत्तर असणार?”

पाठीमागून सासूबाई म्हणाल्या, “जावईबापूंना विचार, आता फुंकर मारू का?”

फोन बंद झाला. मी हातातल्या मोबाइलकडे बघत राहिलो. डबा गेला तर गेला, कपाटात नवे पडलेत, एक घेऊन घरी पळायचं! मी उठलोच होतो, तोच ऑफिसच्या दारात गलका ऐकू आला.

आधी आत आला तो कोपऱ्यावरचा न्हावी, हातात वस्तरा उघडा! आम्ही तिघंही भिंतीला चिकटलो. त्याच्या मागे त्याचं गिऱ्हाईक, गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालाला साबण. त्याच्या मागे औषधवाला, झेरॉक्सवाली बाई, आणि एक आजोबा, ज्यांनी आपला अख्खा टॅबलेट छातीशी धरून आणला होता.

“इंटरनेट कुठाय?” न्हाव्याने वस्तरा हवेत फिरवत विचारलं. “दुकानातला सामना ऐन रंगात बंद पडला!”

“आणि हा माझी दाढी टाकून निघाला!” गिऱ्हाईक म्हणालं. “मी काय अर्ध्या तोंडाने घरी जाऊ?”

“माझी नात बोलता बोलता थांबली,” आजोबांनी टॅबलेट पुढे केला. पडद्यावर एका लहान मुलीचं जीभ बाहेर काढलेलं चित्र गोठलं होतं. “तिला काही झालं तर नाही ना?”

“नाही हो आजोबा, काही नाही झालं,” तक्रारताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, आणि मग सगळ्यांकडे बघत भुवया उंचावल्या. “पण तुम्ही फोन का नाही केलात?”

“केला की!” सगळे एका सुरात ओरडले. “लागतच नाही!”

तक्रारताईंनी आपल्या टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. “अगंबाई, हा तर मेलाय!”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तक्रारींचा फोनही इंटरनेटवरूनच चालतो! तक्रारी नव्हत्या असं नाही, तक्रार करायला वाटच नव्हती! रेघ हलकी झाली नव्हती, मेली होती! मी गेला पाऊण तास एका प्रेताच्या नाडीवर हात ठेवून ‘तब्येत फारच शांत आहे’ म्हणत बसलो होतो!

मी राउटरपुढे झेप घेतली. माझी ती एक ओळ पुन्हा वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याचं काय आहे, आमच्या या राउटरचा स्वभाव हुबेहूब सासूबाईंसारखा आहे. त्यांना नुसतं ‘अमक्याला घरात घेऊ नका’ सांगून भागत नाही. ‘बाकीच्यांना घ्या’ असंही सांगावं लागतं. नाहीतर त्या दार लावून घेतात आणि येईल त्याला म्हणतात, ‘मला कुणी सांगितलं नाही.’ राउटरच्या यादीत शेवटी ‘उरलेले सगळे येऊ देत’ अशी ओळ नसेल, तर तो उरलेल्या सगळ्यांना हाकलतो. मी एकोणीस नंबरला दार बंद केलं होतं, आणि ही शेवटची ओळ विसरून उरलेल्या जगालाही!

“काय झालंय?” मालक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

“एक ओळ राहिली होती.”

“कुणाकडून?”

“माझ्याकडून.”

 मालकांचा श्वास माझ्या मानेवर गरम गरम लागत होता. मी ती ओळ टाइप केली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. न्हावी वस्तरा घेऊन जवळ येऊन बघायला लागला, तेव्हा तिसऱ्यांदा बरोबर आली! मग दोन्ही दारांना विनंती केली, की बाबांनो, मघाचे सगळे निरोप पुन्हा एकदा सांगा.

क्षणभर काहीच नाही. मग केबिनमधली हिरवी रेघ थरथरली, उठून बसली, आणि सुसाट वर गेली! तक्रारताईंचा फोन वाजला. आजोबांच्या हातातली नात जीभ आत घेऊन म्हणाली, “आजोबा, तुम्ही कुठे होतात?” आणि आजोबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. न्हावी आणि गिऱ्हाईक सामन्याचा निकाल काय लागला यावर भांडत बाहेर पडले. औषधवाल्याने माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, “तुम्ही होतात म्हणून हो!”

मी होतो म्हणूनच, हे त्याला सांगायचं मी टाळलं.

सगळे गेल्यावर मालकांनी विचारलं, “बिघाड कुणी केला?”

“मी.”

“दुरुस्त कुणी केला?”

“तोही मीच.”

“म्हणजे आज तू काहीच काम केलं नाहीस,” मालक म्हणाले, आणि खुर्चीवर बसून त्यांनी इतक्या जोरात सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद उडाले. मला वाटलं आता नोकरी गेली. पण ते हिरव्या रेघेकडे बघत राहिले, आणि हळूच म्हणाले, “वरच असू दे रे ती. खाली असली की बघवत नाही.”

मी नवा डबा बगलेत मारला आणि स्कूटरला किक मारली. वाटेत एकच जप: समिती थांबलेली असू दे, समिती थांबलेली असू दे! सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघून हात जोडता झाला. बहुतेक मी मोठ्याने म्हणत होतो.

घरात शिरलो तर बायको टेबलाशी बसलेली. मुलाखतीसाठी इस्त्री केलेला पोशाख, नीट बांधलेले केस, आणि समोर काळा पडदा. सासूबाई ओला डबा पंख्याखाली वाळवत होत्या.  बायको चिडली असती, ओरडली असती, तर परवडलं असतं. पण ती नुसती बसली होती, आणि मला पहिल्यांदाच कळलं की माणूस बोटं नाचवतो तेव्हा दणका दुसऱ्याच कुणाला तरी बसत असतो.

मी नवा डबा लावला. दिवे लागले. मेल उघडलं! बातम्या उघडल्या! सासूबाईंचे भजनाचे व्हिडिओसुद्धा... नाही, ते मी उघडून बघितले नाहीत, पण उघडले असते! फक्त मुलाखतीचा कॉल उघडेना. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं.

“बाकी सगळं चालतंय,” मी म्हणालो.

“मुलाखत सोडून,” बायको म्हणाली.

मी तिथेच, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉप उघडून ऑफिसच्या राउटरवर गेलो. व्हिडिओ कॉल चालवणाऱ्या कंपनीकडच्या वाटा शोधल्या. दोन्ही दारांवर अडवलेल्या! का? तर त्यांच्या माळेत एका बिचाऱ्या कंपनीचा नंबर होता दोनशे एकोणीस! आणि मी राउटरला काय सांगितलं होतं? ‘एकोणीस दिसला की हाकल.’ एकोणीस हा अख्खा नंबर असला पाहिजे, तो दुसऱ्या नंबराच्या पोटात सापडला तर चालणार नाही, हे सांगितलंच नव्हतं! मग राउटर कशाला विचार करतोय? दोनशे एकोणीस? त्यात एकोणीस आहे, हो बाहेर! एकोणीसशे चार? हो बाहेर! आमच्या भाषेत किरकोळ फरकाला एकोणीस-वीसचा फरक म्हणतात. राउटरला तो फरक माहीत नाही, आणि त्या दिवशी मलाही नव्हता.

मी नंबराच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक खूण घातली, म्हणजे सुटा एकोणीस तेवढाच अडेल. या वेळी एंटर दाबण्याआधी मी ओळ मोठ्याने वाचली. मग बायकोला वाचायला दिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी तिने ती दोनदा वाचली. मग सासूबाईंनी वाचली.

“दाबा,” सासूबाई म्हणाल्या.

दाबलं. गोल चक्र थांबलं आणि कॉल उघडला! चित्र असं लख्ख, की खोलीच्या भिंतीवरचा तडासुद्धा दिसत होता! लांबलचक टेबल दिसलं, पाण्याचे ग्लास दिसले, आणि रिकाम्या खुर्च्या दिसल्या. समिती उठून गेली होती. एक शिपाई ग्लास गोळा करत होता. त्याने पडद्यात डोकावून पाहिलं, “संपलं हो बाई,” म्हणाला आणि दिवा बंद केला.

पंख्याखालच्या डब्यातून पाणी ठिबकत होतं. बायकोने मेलमधून समितीचा नंबर काढला. तिची बोटं थांबत थांबत आकडे दाबत होती. मी म्हणालो, “मी बोलतो. माझी चूक आहे, मी सांगतो त्यांना.” तिने नुसती मान हलवली. शेवटचा आकडा दाबणार, तोच तिचाच फोन वाजला.

तिने तो टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. 

“नमस्कार बाई,” पलीकडून एक भारदस्त आवाज आला. “मी निवड समितीचा अध्यक्ष. मघाशी मीच तुमच्याशी मोठ्या आवाजात बोललो.”

“सर, ते मघाशी, अचानक...”

“मला बोलू द्या. दरवर्षी आम्ही प्रत्येक उमेदवारापुढे चिडलेल्या पालकाचं नाटक करतो. अगदी अचानक. तो प्रसंग उमेदवार कसा हाताळतो, तेच आम्हाला बघायचं असतं. आज मी तुमच्यावर वाटेल ते आरोप केले. तुमची शाळा टाकाऊ आहे म्हणालो, टेबलावर हात आपटला.”

“हो?” बायको म्हणाली.

“एकाने उलट उत्तर दिलं. एक बाई रडल्या. एकाने तर मलाच शाळेतून काढून टाकण्याची धमकी दिली! पण तुम्ही? चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तुमची! ओठांवर तेच मंद हसू, डोळ्यांत तोच जिव्हाळा! पापणीसुद्धा लवली नाही हो! मी थकेपर्यंत ओरडलो. आणि माझं बोलून झाल्यावर तुम्ही वाद न घालता, एक शब्द न बोलता, शांतपणे निघून गेलात. आमची समिती अवाक झाली. एवढा संयम आम्ही आजवर पाहिला नव्हता!”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला होता आणि त्या गदागदा हलत होत्या.

“सर,” बायको म्हणाली. ती प्रामाणिक बाई आहे, काय करणार! “खरं सांगायचं तर मी निघून गेले नव्हते. आमचं इंटरनेट गेलं होतं. तुम्ही काय बोललात ते मला ऐकूच आलं नाही.”

मी डोळे मिटून घेतले. पलीकडे कुजबुज.  मग एक मोठ्ठा, गडगडाटी हास्याचा आवाज, इतका की फोन टेबलावर सरकला.

“म्हणजे एवढा वेळ मी स्वतःशीच भांडत होतो!” अध्यक्ष हसता हसता म्हणाले. “बाई, आम्हाला चिडलेल्या पालकाची परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल. घेऊ का आत्ता फोनवर?”

आणि त्यांनी घेतली! ओरडले, आरोप केले. बायकोने ते सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाली, “तुमचा राग बरोबर आहे. आधी बसा, पाणी प्या. मग मुलाला काय हवंय ते आपण दोघं मिळून बघू.” इतक्या शांतपणे, की माझाही जीव भांड्यात पडला. नंतर कळलं, ते वाक्य ती गेला तासभर मनातल्या मनात मला उद्देशून जुळवत होती. फक्त मूळ वाक्यात पाणी प्यायला द्यायचं नव्हतं, बादलीसकट ओतायचं होतं.

पलीकडे पुन्हा कुजबुज झाली. आणि मग अध्यक्ष म्हणाले, “अभिनंदन, मुख्याध्यापिका बाई!”

सासूबाईंनी लेकीला मिठी मारली. मी खुर्चीत असा कोसळलो, जणू अंगातली सगळी हाडं कुणी काढून घेतली. सकाळपासून छातीवर ठेवलेली शिळा सरकली! नोकरी शाबूत, शहर शाबूत, संसार शाबूत! मी हळूच म्हणालो, “म्हणजे बघा, एका अर्थाने इंटरनेट गेलं म्हणूनच...”

दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य गिळलं. ते अजून पचलेलं नाही.

“तुम्हाला आमच्याकडून काही विचारायचंय का?” अध्यक्षांनी शेवटी विचारलं. “पगार, रजा, शाळेची इमारत? मोकळेपणाने विचारा.”

“एकच,” बायको म्हणाली. “शाळेत इंटरनेट कुठल्या कंपनीचं आहे?”

अध्यक्षांनी नाव सांगितलं. आमच्या कंपनीचं नव्हतं.

“मग सोमवारपासून येते,” बायको म्हणाली.